विंचवाचा धुंधुरमास

शशिधर खांबेटेनं लग्नानंतर बायकोला न विचारता दोनच गोष्टी केल्या. एकदा मिशी काढली आणि एकदा मोटरहोम घेतलं. मिशी महिन्याभरात परत आली. मोटरहोमचं काय करायचं, याचा निकाल मात्र १९९५ सालच्या डिसेंबरात, यॉर्कशरच्या डोंगरांतल्या एका शेतावर, उणे अकरा अंश थंडीत लागायचा होता.

मोटरहोम म्हणजे पोटात स्वयंपाकघर, झोपायची बाकं आणि कपाटाएवढा संडास घेऊन फिरणारी गाडी. शशिधरचं मोटरहोम बारा वर्षांचं होतं, पांढरं होतं आणि त्याच्या कमरेला एक निळा पट्टा होता. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ते लीड्सच्या घरासमोर येऊन उभं राहिलं, तेव्हा पुढच्या खोलीत अंधार झाला. अनुराधा पडदा बाजूला सारून बराच वेळ बघत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." त्या दिवसापासून गाडीचं नाव विंचू पडलं. त्यांच्या अकरा वर्षांच्या मीनलनं तर मागच्या काचेवर नांगी उगारलेला कागदी विंचू चिकटवलासुद्धा.

गाडी का घेतली, हे शशिधरला कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. सत्त्याहत्तर साली तो या देशात आला तेव्हा नोकरी सहा-सहा महिन्यांची असायची. साउथहॅम्प्टन, मग लिंकन, मग हल, मग आणखी कुठेतरी. दोन सुटकेसी, एक कुकर आणि लग्नानंतर अनुराधा, एवढं घेऊन तो एका हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधून दुसऱ्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये हिंडला. सगळीकडे दुसऱ्याचे पडदे आणि दुसऱ्याच्या पाठीचा खळगा पडलेली गादी. तेव्हा तो मनाशी म्हणायचा, एकदा तरी असं व्हावं की मी निघालो आणि घरही माझ्याबरोबर निघालं. आता पक्की नोकरी होती, पक्कं घर होतं, कुठे जायची गरज उरली नव्हती. नेमकी तेव्हाच ती इच्छा पुरी झाली. इच्छांना वेळेचं भान नसतं.

अनुराधाला यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसत होती ती बंद झालेली खिडकी, आणि गाडी वळवताना आडवं झालेलं शेजाऱ्याचं गुलाबाचं झाड. तिनं तीन महिने वाट पाहिली आणि डिसेंबरात अट घातली.

अट धुंधुरमासाची होती. सूर्य धनू राशीत असतो तो हा महिना, साधारण सोळा डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा. या दिवसांत एकदा तरी सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करायचा आणि गरम गरम जेवायचं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत. अनुराधाच्या माहेरी, साताऱ्याला, त्यासाठी पहाटे चारला चूल पेटायची. लीड्समध्ये डिसेंबरातला सूर्य सव्वाआठनंतर उगवतो. त्यामुळे ज्यानं कुणी धुंधुरमास काढला त्यानं तो यॉर्कशरसाठीच काढला असावा, असं शशिधरचं मत होतं.

अनुराधाचे वडील नाना ऑक्टोबरात आले होते आणि जानेवारीत परत जायचे होते. अनुराधानं ठरवलं की यंदाचा नानांचा धुंधुरमास विंचवात होईल. सगळा स्वयंपाक तिथे, तिथल्याच शेगडीवर. कुणाकडे काही मागायला जायचं नाही. सूर्योदयाच्या आत गरम ताट नानांच्या पुढ्यात आलं, तर विंचू राहील. नाही आलं, तर पेपरात जाहिरात. जाहिरात तिनं लिहूनही ठेवली होती. मीनलनं तिचं इंग्लिश तपासून दिलं होतं आणि 'लव्हिंग ओनर' हे दोन शब्द स्वतःचे घातले होते. कागदाची घडी अनुराधाच्या कोटाच्या खिशात गेली.

नाना म्हणजे पद्माकर सोवनी. साताऱ्याच्या एका शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या छत्तीस वर्षांत एकाही मुलाला एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते उलट प्रश्न विचारायचे आणि वाट पाहायचे. अनुराधानं सहाव्या वर्षी विचारलं होतं, चहा का निवतो. नानांनी तीन कप चहा ओतला, एकावर बशी झाकली, एक खिडकीत ठेवला, एक तिच्या हातात दिला आणि स्वतः पेपर वाचत बसले. चहा का निवतो ते अनुराधाला कळलं, पण त्या दिवशी घरात चहा कुणालाच मिळाला नाही.

शशिधरनं तयारीत कसूर केली नाही. ब्रॅडफर्डच्या दुकानातून बाजरीचं ताजं पीठ आणलं, वांगी आणली, तीळ आणले. गॅसचा सिलेंडर तर त्यानं जातीनं निवडला, कारण सिलेंडर हा त्याचा विषय होता. तो भूलतज्ज्ञ. रोज सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन तो आधी सिलेंडर तपासायचा, मग पेशंट. कॅम्पिंगच्या दुकानात दोन रंगांचे सिलेंडर होते, लाल आणि निळा. दुकानदारानं विचारलं, थंडीतही बाहेर पडणार का? इंग्लंडात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला माहीत असतं की इथे लोक ओळख नसली तरी हवेबद्दल बोलतात आणि त्यावर हसून मान डोलवायची असते. शशिधर हसला, त्यानं मान डोलवली आणि गाडीच्या पट्ट्याला शोभेल असा निळा सिलेंडर उचलला.

सत्तावीस तारखेला दुपारी ते निघाले आणि अंधार पडायच्या बेतात डोंगरांमधल्या एका शेतावर पोचले. शेतकरी तिथे गाड्या उभ्या करू देत असे. गवत पांढरं पडलं होतं आणि पायाखाली कुरकुरीत वाजत होतं. पलीकडच्या कुंपणापाशी एकच कॅरव्हॅन होती. तिच्यात बार्न्सलीचा हॅरल्ड नावाचा एक म्हातारा आपल्या कुत्र्याबरोबर राहत होता. आयुष्यभर रेल्वेत सिग्नल पाडण्याचं काम केलेला माणूस. शशिधर विंचवाच्या बाहेरच्या कप्प्यात सिलेंडर जोडत असताना हॅरल्ड येऊन उभा राहिला. त्यानं निळ्या सिलेंडरकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शशिधरनं ओळखलं, सल्ला येतोय. संध्याकाळ किती छान आहे असं म्हणून त्यानं कप्प्याचं दार लावून घेतलं.

रात्र मजेत गेली. सिलेंडर घरच्या उबदार गॅरेजमधून आला होता, त्यामुळे गॅस छान पेटला. चहा झाला, मेतकूट-भात झाला, गाडीतला गॅसचा हीटर उबदार फुरफुरत राहिला. अनुराधानं झोपायच्या आधी रबराच्या चार पिशव्यांत गरम पाणी भरलं आणि प्रत्येकाला एकेक अंथरुणात घ्यायला दिली. नानांनी आपली घेतली नाही. आपल्याला पत्नीनं शिवलेली गोधडी पुरते, असं म्हणून त्यांनी ती पिशवी ओट्यावर ठेवून दिली. ही गोधडी ते साताऱ्याहून विमानात मांडीवर घेऊन आले होते. शशिधर डोळे मिटताना मनात म्हणाला, ही वेळ, हे छत, ही माणसं. लिंकनच्या त्या क्वार्टर्समध्ये असं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी सहाला त्याला जाग आली ती नाकानं. सगळं अंग पांघरुणात होतं, नाक बाहेर होतं, आणि ते आपलं आहे की नाही याची खात्री देता येत नव्हती. हीटर कधीतरी रात्री विझला होता. खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी चढली होती. अनुराधा उठून कोट, टोपी आणि हातमोजे घालून ओट्याशी उभी होती. नळातून पाणी येत नव्हतं, पण तिनं रात्रीच दोन पातेली भरून ठेवली होती. त्यांवर बर्फाचा पापुद्रा आला होता, तो तिनं उलथन्यानं फोडला. वांगी एकमेकांवर आपटली की लाकडासारखी वाजत होती. लोणी कापताना सुरी वाकली. तिनं शेगडीचं बटण फिरवलं, काडी ओढली. काडी जळाली, बोटापर्यंत आली, विझली. शेगडी ढिम्म.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा विषय बंद पडलाय."

शशिधर टॉर्च घेऊन बाहेर गेला. चंद्र नव्हता, वारा नव्हता, नुसती कोरडी कडकडीत थंडी. त्यानं सिलेंडरला टिचकी मारली, कान लावला. उचलून पाहिला, आत द्रव डचमळलं. सिलेंडर भरलेला होता, नळी ठीक होती, झडप उघडी होती. मग गॅस का येत नाही? गाडीचं इंजिन सुरू करून आत ऊब आणावी म्हणून त्यानं किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि पुन्हा बोललं नाही.

तेव्हा डॉक्टर शशिधर खांबेट्यांनी निदान केलं. अंग गार, हालचाल मंद, प्रतिसाद नाही. हायपोथर्मिया. असा पेशंट आला की पहिली गोष्ट करायची ती म्हणजे त्याला गुंडाळायचं. तो आत आला, नानांच्या अंथरुणावरची गोधडी त्यानं घेतली आणि बाहेर जाऊन सिलेंडरला गळ्यापर्यंत लपेटली. वरून आपला मफलर बांधला. फक्त कानटोपी तेवढी राहिली.

दहा मिनिटं गेली. काडी ओढली. काही नाही. आणखी दहा मिनिटं गेली. साडेसहा वाजले. अनुराधानं बाहेर डोकावून पाहिलं आणि आपल्या आईनं तीन पावसाळे बसून शिवलेली गोधडी सिलेंडरच्या अंगावर पाहिली. यावर ती जे बोलली ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ते बरंच होतं आणि त्यात शशिधरच्या आईचाही उल्लेख होता. शेवटी तिनं साताऱ्याचा उपाय काढला. गॅस संपत आला की त्यांच्याकडे सिलेंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे. शशिधरनं नम्रपणे विचारलं की गरम पाणी कशावर करणार.

नाना स्वेटरवर स्वेटर चढवून, हाताची घडी घालून बाकावर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर शांत समाधान होतं. वर्गात पहिल्या बाकावरून एखादा चुकीचा पण मनापासूनचा हात वर आला की ते असेच दिसायचे, हे अनुराधाला ठाऊक होतं. तिनं ओळखलं.

"नाना, तुम्हाला माहितेय ना काय झालंय ते?"

नाना म्हणाले की त्यांना काय माहितेय हा प्रश्न नाही. आणि त्यांनी मीनलला हाक मारली.

मीनल पांघरुणातून फक्त डोळे बाहेर काढून हा सगळा तमाशा बघत होती. नानांनी तिला विचारलं, गोधडी आपल्याला गरम करते का? मीनल म्हणाली, हो, ऑफकोर्स. नानांनी तिला बाहेर पाठवलं, सिलेंडरवरच्या गोधडीत हात घालून यायला. ती धावत गेली आणि धावत आली.

"आजोबा, आत पण फ्रीझिंग आहे. गोधडी गरम करत नाही."

"मग रात्री मला कुणी गरम ठेवलं?"

मीनल विचार करू लागली. तिच्या तोंडातून वाफ येत होती. अनुराधानं घड्याळाकडे पाहून सुचवलं की सातला दहा कमी आहेत, धडा नंतर घेतला तरी चालेल. नाना म्हणाले, धडा नंतर घेतला तर जेवणही नंतर होईल. शशिधरला कळेना की सासऱ्यांचा राग यावा की पाया पडावं. विंचवाचं आयुष्य आता एका अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय शिजतंय त्यावर अवलंबून होतं, आणि दुसरं काहीच शिजत नव्हतं.

नानांनी मीनलला तिच्या अंथरुणातली पाण्याची पिशवी आणायला सांगितली. ती अजून कोमट होती. मग ओट्यावरची, नानांनी न घेतलेली पिशवी हातात दिली. ती बर्फासारखी गार होती. दोन्हीत पाणी एकाच किटलीतलं, एकाच वेळी भरलेलं. मीनल एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत राहिली. मग हळूहळू म्हणाली की हीट पिशवीतच होती. गोधडीनं फक्त ती जाऊ दिली नाही. आणि आजोबांची हीट आजोबांची स्वतःची होती.

"आणि सिलेंडरची?" नानांनी विचारलं.

"त्याच्याकडे नाहीच. ही इज अ डेड बॉडी."

शशिधरला हे लागलं. त्याचा पेशंट जिवंत आहे असं समजून तो अर्धा तास उपचार करत होता. जिवंत माणसाचं अंग स्वतः ऊब तयार करतं, म्हणून ब्लँकेटचा उपयोग होतो, हे तो दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांना सांगत असे.

पण नाना थांबले नव्हते. खिडकीत त्यांची खोबरेल तेलाची बाटली होती, पांढरी दगड झालेली. शेजारी फोडणीचं शेंगदाण्याचं तेल होतं, घट्ट पण अजून हलणारं. दोघांना थंडी एकच, मग एक दगड झालं आणि दुसरं नाही, असं का? मीनल म्हणाली, प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो. पाणी झीरोला फ्रीझ होतं आणि शंभरला उकळतं, तसं. ते बोलता बोलताच ती उठून बसली. सिलेंडरमध्ये गॅस नाही, पाण्यासारखं काहीतरी आहे, बाबांनी हलवलं तेव्हा तिनं ऐकलं होतं. म्हणजे ते आत उकळलं तर त्याचा गॅस होणार. आणि त्याचाही एक नंबर असणार.

दारात उभ्या असलेल्या शशिधरच्या डोळ्यांपुढे पुण्याच्या कॉलेजातला रसायनशास्त्राचा वर्ग आला. निळ्या सिलेंडरात ब्यूटेन. ब्यूटेन शून्याच्या जरासं खालीच उकळतं, त्याहून गार झालं की निपचित पडून राहतं. लाल सिलेंडरात प्रोपेन, ते उणे बेचाळीसलाही उकळतं. परीक्षेत याचे त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. दुकानदार हवापाण्याच्या गप्पा मारत नव्हता. हॅरल्डही नव्हता. शशिधरनं हे सगळं गिळलं आणि खाली मानेनं एवढंच सांगितलं की नंबर शून्याच्या आसपास आहे.

"झीरो?" मीनल म्हणाली. "बाबा, मग उकळतं पाणी कशाला पाहिजे? कोमट पण चालेल ना!"

नानांनी हाताची घडी सोडली. छत्तीस वर्षं ते याच क्षणासाठी वाट पाहत बसायचे, आणि त्यासाठी ते आणखी छत्तीस मिनिटं गोठले असते तरी त्यांची तक्रार नव्हती.

पुढचं सगळं धावत झालं. मीनलची, अनुराधाची आणि शशिधरची अशा तीन कोमट पिशव्या त्यांनी सिलेंडरच्या तिन्ही अंगांना लावल्या, मफलरनं बांधल्या, आणि त्यावरून गोधडी घट्ट लपेटली. या वेळी अनुराधानंच लपेटली. आता आत राखण्यासारखं काहीतरी होतं. आपलं अर्धं निदान बरोबर होतं, असं शशिधरला म्हणायचं होतं, पण बायकोच्या तोंडाकडे पाहून ते त्यानं दुसऱ्या एखाद्या वर्षासाठी ठेवून दिलं. पंधरा मिनिटं त्यांनी नुसती वाट पाहिली. सव्वासात वाजता अनुराधानं काडी ओढली. शेगडीवर आधी एक निळा ठिपका आला, तो लाजल्यासारखा गोल फिरला आणि कडं पुरं झालं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी आधी हात शेकले.

पण आच मंद होती. पातेल्यातलं पाणी कोमट व्हायलाच वीस मिनिटं गेली. मीनल आणि शशिधर आळीपाळीनं बाहेर जाऊन गार झालेली पिशवी आत आणत होते आणि तापलेलं पाणी भरून ती पुन्हा सिलेंडरला लावून येत होते. गॅसनं पाणी तापवायचं आणि पाण्यानं गॅस तापवायचा. यात जेवण कुठे बसतं, हे अनुराधानं एकदा विचारलंही. तरी कुकर चढला. गोठलेली वांगी आचेवर धरल्यावर मात्र इतकी मऊ पडली की भरीत करायला ठेचावंसुद्धा लागलं नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी कुकरची शिट्टी झाली. त्या पांढऱ्या निःशब्द दरीत ती अशी वाजली की कुंपणापलीकडच्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. हॅरल्डचा कुत्रा भुंकायला लागला, आणि त्यामागून ड्रेसिंग गाऊनवर ओव्हरकोट चढवलेला हॅरल्ड गोठलेलं गवत तुडवत आला. शिट्टी वाजली की हातातलं टाकून उठायचं, ही त्याची चाळीस वर्षांची सवय होती. त्यानं कप्प्यातल्या सिलेंडरकडे पाहिलं, त्याच्या गोधडीकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं. अनुराधानं त्याला आत यायला सांगितलं. मागायला जायचं नाही अशी तिची अट होती. आलेल्याला परत पाठवायचं अशी नव्हती.

भाकरी थापायला पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर बाजरी तुटते. ते पाणी उकळायला आणखी वेळ गेला. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा शशिधरनं घड्याळाकडे न बघायचं ठरवलं. दुसऱ्या बाजूनं फुगली तेव्हा न राहवून बघितलं. आठ वाजून चाळीस मिनिटं.

पेपरात त्या दिवशीचा सूर्योदय आठ पंचवीसचा छापला होता. अनुराधानं तो आकडा आदल्या दिवशी स्वतः वाचून दाखवला होता. बाहेर केव्हाच उजाडलं होतं. तिनं ताट वाढलं, वाफाळती खिचडी, भरीत, तिळाची भाकरी, तिच्यावर वितळायला नकार देणारा लोण्याचा गोळा, आणि ते नानांपुढे ठेवलं. मग ती शशिधरकडे न बघता म्हणाली, "पंधरा मिनिटं उशीर."

मंद आचेवर दीड तास ओणवं उभं राहून तिनंही जीव तोडून स्वयंपाक केला होता, तेव्हा भांडायला दुसरी बाजूच नव्हती. शशिधरनं विंचवाच्या छताकडे पाहिलं. तिथे ओल येऊन एक डाग पडला होता. तो डाग काढायला त्यानं मार्चात रंग आणायचं ठरवलं होतं. आता तो रंग दुसऱ्या कुणीतरी आणायचा.

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"मीनल, सूर्य कुठाय गं?"

मीनल दार उघडून बाहेर गेली. शेत अजून निळसर सावलीत होतं. समोरच्या डोंगराचा माथा सोन्यासारखा पिवळा झाला होता आणि ती पिवळी रेघ हळूहळू खाली सरकत होती. पण त्यांच्या पाठीमागचा डोंगर मध्ये होता. सूर्य त्याच्या पलीकडे कुठेतरी होता. तो अजून आलाच नाही, असं मीनलनं ओरडून सांगितलं. हॅरल्डला चाललंय काय ते कळलं नव्हतं, पण सूर्याची चौकशी चालू आहे एवढं त्यानं ताडलं. या दिवसांत इथे सव्वानऊच्या आत कधीच ऊन येत नाही, असं त्यानं सांगितलं. बारा हिवाळे तो याच कुंपणापाशी काढत आला होता.

अनुराधा म्हणाली की पेपरात आठ पंचवीस लिहिलंय. नाना म्हणाले की पेपर लीड्समध्ये छापतात. मग त्यांनी मुलीकडे पाहून, अगदी सहज, विचारलं, "आपल्या साताऱ्याच्या घरी गं? पंचांगातली वेळ धरायचो आपण?"

अनुराधाच्या हातातलं उलथनं थांबलं. साताऱ्याच्या घरामागे किल्ल्याच्या डोंगराची सोंड होती. थंडीत सूर्य तिच्या आडून यायचा, गावात सगळीकडे ऊन पसरल्यावर. आई तेव्हा भाकऱ्या थापत असायची आणि अंगणात उभ्या असलेल्या अनुराधाला विचारायची, आला का गं? अनुराधा सोंडेकडे बघून सांगायची, नाही अजून, थाप. पंचांगात काय लिहिलंय ते आईनं एकदाही विचारलं नव्हतं. अनुराधानं नाही म्हटलं की आणखी दोन भाकऱ्या व्हायच्या. कधीकधी तर ऊन तुळशीपर्यंत आलेलं असताना तिनं नाही म्हटलं होतं, कारण तिला तिसरी भाकरी हवी असायची.

ती दारापाशी गेली. थोडा वेळ डोंगराकडे बघत राहिली. शशिधरला तिची फक्त पाठ दिसत होती आणि पाठीवरून काही कळत नव्हतं.

"नाही अजून," ती शेवटी म्हणाली. "जेवा, नाना."

मग ती तव्याकडे वळली. सिलेंडर आता गोधडीत बसून बरा उबला होता आणि आचही थोडी वाढली होती. पुढची भाकरी टम्म फुगली. ती हॅरल्डसाठी होती, पण विंचवात ताटं चारच होती. अनुराधानं इकडेतिकडे पाहिलं, कोटाच्या खिशात हात घातला, आतला कागद उलगडला, त्यावर भाकरी ठेवली, भाकरीवर लोणी आणि कडेला भरीत घातलं आणि म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

जेवताना तिनं नव्या अटी सांगितल्या. सोमवारी लाल सिलेंडर. गोधडी शशिधरनं स्वतः हातानं धुवायची, मशीनमध्ये नाही. शेजाऱ्याला गुलाबाचं नवं रोप. शशिधरनं सगळ्याला मान डोलवली. हसला मात्र नाही, कारण मान डोलवून हसण्यानंच मागच्या वेळी घोटाळा झाला होता.

हॅरल्डनं भाकरी शेवटच्या तिळापर्यंत खाल्ली. मग लोण्यानं पारदर्शक झालेला कागद उजेडासमोर धरून तो त्यावरची अक्षरं वाचायला लागला. मोटरहोम, बारा वर्षांचं, लव्हिंग ओनर. त्यानं विचारलं, हे काय, गाडी विकताय की काय?

"छे," अनुराधा म्हणाली. "प्लेट आहे ती."

बाहेर मीनल अजून डोंगराकडे तोंड करून उभी होती. नऊ वाजून बारा मिनिटांनी ती ओरडली की आला. नानांनी रिकामं ताट पुढे केलं आणि विचारलं, त्याला आज उशीर का झाला असेल?